पहिली क्लासिक स्पोर्ट्स कार घेताना: आधी पत्रा, मग इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात आलं की माणूस आधी रंग ठरवतो. मग तारांची चाकं की साधी, टप काळा की तपकिरी. हौसेचं काम आहे, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. पण ती गाडी सुट्टीच्या सकाळी रस्त्यावर धावणार की दोन वर्षं जॅकवर उभी राहणार, हे दाराखालच्या पत्र्यावर ठरतं आणि तिथे वाकून बघायचं बहुतेकांना सुचत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिली गाडी साध्या बनावटीची आणि भरपूर खपलेली असावी. त्या मॉडेलमध्ये खिशाला परवडेल अशी सगळ्यात निरोगी बॉडी शोधावी. इंजिन थकलेलं असलं तरी चालेल. ते नटबोल्टांवर बसवलेलं असतं, उतरवता येतं आणि खर्चाचा आकडा मिस्त्री आधी सांगू शकतो. गंजाचा आकडा कुणालाच सांगता येत नाही. एक पत्रा कापावा तर त्यामागचा दुसरा भुसभुशीत निघतो आणि त्याच्यामागे ज्यावर सस्पेन्शन टेकलंय तो तिसरा.

गाडीआधी स्वतःला तपासा

वर्षाला किती किलोमीटर चालवणार? महिन्यातून दोनदा फेरफटका मारायचा असेल तर कार्ब्युरेटरच्या गाडीचे लाड करायला मजा येते. रोज कामावर जायचं असेल तर तेच लाड अंगावर येतात. ठेवणार कुठे? कोरडी, झाकलेली जागा नसेल तर कापडी टपाच्या गाडीचा विचार सोडा आणि त्याच मॉडेलची पक्क्या छताची आवृत्ती बघा. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबीची जीटी ही १९६५ साली आलेली छताची आवृत्ती आहे. उघड्या गाडीपेक्षा ती सहसा स्वस्तात मिळते आणि मागच्या दारामुळे सामानही राहतं.

आणि बसून बघा. हे हसण्यावारी नेऊ नका. एमजी मिजेटमध्ये पायांपाशी इतकी अरुंद जागा आहे की रुंद बूट घातले तर ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दबतो. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये स्टिअरिंग वरखाली होत नाही, त्यामुळे उंच माणसाचे गुडघे त्याला घासतात. ज्या गाडीत अर्धा तास आरामात बसता येत नाही, ती कितीही देखणी असली तरी आपली नव्हे.

पैशांचा हिशेब सरळ ठेवा. जमवलेल्या रकमेचा तीन चतुर्थांश गाडीला, उरलेला चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला. टायर, होजपाइप, ब्रेक, बॅटरी यांतच तो संपतो. सगळी पुंजी खरेदीत ओतणारे लोक सहाव्या महिन्यात गाडी विकायला काढतात. तुम्हाला चांगला सौदा मिळतो तो अनेकदा त्यांच्याकडूनच.

मॉडेल निवडताना

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, निदान तीस वर्षं जुन्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. म्हणजे साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांबरोबर नव्वदच्या आसपासच्या जपानी गाड्याही आता या पंगतीत आल्या आहेत. नवख्या माणसाला याचा मोठा फायदा आहे.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली आणि जीटी धरून पाच लाखांहून जास्त निघाली. १७९८ सीसीचं लोखंडी चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, सगळं हाताला येणारं. सुटे भाग इतके मुबलक की १९८८ पासून मूळ साच्यांवर आख्खी नवी बॉडीसुद्धा बनू लागली. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून तो अलगद पाडणारी यंत्रणा) नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही. त्यानंतरच्या गाड्यांत चारही गिअरला सिंक्रो आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला. १९७४ च्या उत्तरार्धापासून काळे रबरी बंपर बसले आणि गाडीची उंची जवळजवळ चार सेंटिमीटरनी वाढली. अशी गाडी वळणावर जास्त कलते, दिसायला जड वाटते, म्हणून भाव कमी. ते बंपर तुम्हाला खुपत नसतील तर हीच संधी आहे.

ट्रायम्फ स्पिटफायरही १९६२ ते १९८० चीच. तिचं वैशिष्ट्य म्हणजे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि तुम्ही चक्क पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करू शकता. शिकायला याहून चांगली शाळा नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांचा मागचा स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकासकट आतल्या टोकावर झुलणारा दांडा, वेगात वळताना अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर चाक आत दुमडू देतो. १९७० च्या मार्क फोर या चौथ्या आवृत्तीत हा दोष बराच आटोक्यात आणला गेला. दुसरी गोष्ट, शेवटच्या १५०० इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, थ्रस्ट वॉशर (त्याला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजून गळून पडतात. इंजिन बंद असताना कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची क्रँक पुली निरखा. ती डोळ्यांना सहज दिसेल इतकी पुढे सरकली तर आतला ब्लॉक आणि क्रँक दोन्ही धोक्यात आहेत.

ज्यांना चोक, टायमिंग, कार्ब्युरेटर यांचं काही घेणंदेणं नाही आणि फक्त चालवायचंय, त्यांनी माझदा एमएक्स-५ घ्यावी. कडवे शौकीन नाक मुरडतील, मुरडू द्या. १९८९ साली आलेली ही गाडी लोटस एलान या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा आदर्श समोर ठेवून बनवलेली होती, फक्त किल्ली फिरवली की सुरू होणारी. पुढच्या पिढ्या धरून २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा गाठला, त्यामुळे भागांचा प्रश्नच नाही. गंज मात्र हिलाही सोडत नाही. टपाचं पाणी वाहून नेणारी भोकं पानांनी आणि मातीने तुंबतात, पाणी दाराखालच्या पेटीत साचतं आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढचा पत्रा आतून खाल्ला जातो. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनात क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. तिथली पुली डगमगत फिरताना दिसली तर गाडी सोडून द्या.

इटालियन गाड्यांबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. पिनिनफरिनाने आखलेली फियाट १२४ स्पायडर (१९६६ ते १९८५) आणि अल्फा रोमिओ स्पायडर (१९६६ ते १९९४) या दोघींची ट्विन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे असलेली) इंजिनं ऐकली की माणूस हिशेब विसरतो. विसरू नका. दोघींचा पत्रा गंजाला लवकर शरण जातो. अल्फाचा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो कमजोर असतो, थंड गाडीत तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खर्रर्र आवाज येतो का ऐका. फियाटच्या इंजिनात टायमिंगचा दातेरी पट्टा आहे, तो कधी बदलला हे पावतीसकट विचारा.

हाच प्रश्न पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) घेताना दसपट महत्त्वाचा. पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बॉडीला जस्ताचा मुलामा आहे, चालवायला गाडी सुरेख आहे आणि विकत मिळते तुलनेने स्वस्तात. भाग मात्र पोर्शेच्या भावाने येतात, हा त्यातला सापळा. तिचीच थोरली बहीण ९१४ (१९६९ ते १९७६) बघायला गेलात तर इंजिनाच्या कप्प्यात बॅटरी उचलून तिच्याखाली बघा. बॅटरीचं ॲसिड आणि पाणी ठिबकून तिथली मुख्य पोकळ तुळई सडते. शौकीन त्या जागेला हेल होल म्हणतात, म्हणजे नरकाचं भोक.

डॅटसन २४०झेडचं सहा सिलिंडरचं २३९३ सीसीचं इंजिन दणकट आहे, पण तिथेही बॅटरीखालचा पत्रा आणि तळाच्या लांब पट्ट्या आधी बघायच्या.

पहिली म्हणून कोणती घेऊ नये? जॅग्वार ई-टाइप. १९६१ साली जिनिव्हात ती पहिल्यांदा दिसली तेव्हापासून जग तिच्या प्रेमात आहे. पण तिचे मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून मधे डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याला, चिकटून आहेत. नीट काम करायचं तर बहुधा मागचं सगळं बिऱ्हाड खाली उतरवावं लागतं. ट्रायम्फ स्टॅगही नको. तिच्या तीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाला तापण्याची खोड आहे. कुणी जाणकाराने ती घालवली असेल तर गाडी छान, पण घालवली आहे की नाही हे ओळखायला तुम्ही स्वतः जाणकार हवात. फायबरच्या बॉडीला गंज लागत नाही म्हणून लोटस एलानकडे वळणाऱ्यांनी फायबरच्या खाली पोलादी चेसिस आहे हे विसरू नये. शेवर्ले कॉर्व्हेटमध्येही काचेभोवतीचा सांगाडा पोलादी असतो आणि गंजतो.

बघायला जाण्याआधी

फोनवर दोनच गोष्टी मागा. इंजिन थंड ठेवा आणि गाडी दिवसाउजेडी दाखवा. पोहोचलात आणि बॉनेट गरम लागलं तर थंड इंजिन सुरू करताना काय होतं ते तुम्हाला दाखवायचं नाही, असं समजा.

सोबत टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, मळले तरी चालतील असे कपडे आणि एक असा माणूस न्या ज्याला गाड्यांचं अजिबात वेड नाही. हा चौथा सगळ्यात मोलाचा. मी एकदा पावसाची सर येऊन गेल्यावर, संध्याकाळी, एकटाच गाडी बघायला गेलो होतो. ओल्या रंगावर दिव्यांचा उजेड पडला होता, गाडी नवरीसारखी दिसत होती. घरी आणल्यावर दुसऱ्या सकाळी दोन्ही दारांचे रंग वेगळे निघाले आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तर खालची जमीन दिसली. पाणी सुकलेला पत्रा आणि ओला पत्रा यांत एवढा फरक असतो.

कागदपत्रांत चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तिथे खाडाखोड किंवा नवी वेल्डिंग दिसली तर पुढे बघूच नका. इंजिन नंबर मूळचाच हवा हा आग्रह संग्राहकांचा. चालवायला घेणाऱ्याला त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. त्यापेक्षा पावत्यांचा गठ्ठा आणि बॉडीचं काम चालू असतानाचे फोटो मागा. "पूर्ण रिस्टोअर केलेली" या शब्दांना फोटोंशिवाय काडीची किंमत नाही.

पत्रा तपासायची रीत

आधी दहा पावलं मागे उभे राहा. दाराच्या पुढची आणि मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, सगळा ताण दाराखालच्या सिलवर, म्हणजे उंबरठ्याच्या पोकळ पेटीवर येतो. पेटी सडली की गाडी मधोमध खचते आणि दाराची फट वर आवळते. दार उघडून मागच्या टोकाला हलकेच वर उचला, बिजागरी झिजलेली असेल तर ते खुळखुळेल. मग मालकाची परवानगी घेऊन एका बाजूला जॅक लावा आणि तेच दार उघडझाप करा. जमिनीवर सहज लागणारं दार जॅकवर अडकलं तर गाडी वाकतेय.

एमजीबीचं सिल एकावर एक तीन पत्र्यांचं आहे. आतला सडलेला तसाच ठेवून वरून नवं चकचकीत झाकण वेल्ड करणं ही जुनी युक्ती. म्हणून बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका, आतून गालिचा उचलून आणि खालून पाठीवर झोपून बघा.

लोहचुंबक चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि सिल यांवर फिरवा. जिथे ते चिकटायला कुरकुर करतं तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी गुन्हा नव्हे, पण बोटभर जाडीची म्हणजे खाली पत्राच नाही. जॅक लावायच्या जागा, स्प्रिंग आणि सस्पेन्शनचे टेकू, बॅटरीचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा या सगळ्या ठिकाणी बोटाने दाबून बघा. गाडीच्या पोटाला नुकतंच काळं जाड अंडरकोटिंग फासलेलं असेल तर विक्रेत्याने तुमची काळजी घेतली असं समजू नका.

इथपर्यंत गाडी पास झाली तरच बॉनेट उघडा. खरंच सांगतो, हा क्रम उलटा केला की इंजिनाचा आवाज ऐकून माणूस विरघळतो आणि मग त्याला गंज दिसेनासा होतो.

इंजिन, गिअर आणि बाकीचं

सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी आणि ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे पिवळट साय असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय, किंवा गाडी फक्त पाच-पाच मिनिटं चालवली जातेय. कोणतं खरं ते रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग आहे का यावरून कळतं. सुरू केल्यावर एक्झॉस्टच्या मागे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील, गेलंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याची काळजी नको, तो बहुधा कार्ब्युरेटर लावून जातो.

ऑइलचं प्रेशर थंड इंजिनावर नेहमीच छान दिसतं. त्यामुळे निदान वीस मिनिटं चालवून मग बघा. ढोबळ नियम असा की दर १००० आरपीएमला १० पीएसआय. नंतर गाडी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू न होणाऱ्या गाड्या याच दहा मिनिटांत उघड्या पडतात. सौदा पक्का होत आला की कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची चाचणी, करून घ्या. आकडा नेमका किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे जास्त महत्त्वाचं.

तारांची चाकं असतील तर चाक उचलून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक मागे-पुढे हिसडा. कट्ट आवाज आला तर हबवरचे दाते झिजलेत. टायरवरची नक्षी बघून फसू नका. बाजूला छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक वाचा. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. अंक तीनच असतील तर टायर २००० सालच्या आधीचा. दहा वर्षांपुढचा टायर नवा दिसत असला तरी बदलायचाच, ती रक्कम भावातून कमी करा.

वायरिंगवरून लुकस कंपनीला अंधाराचा राजपुत्र म्हणून चिडवायची शौकिनांत परंपरा आहे. बऱ्याचदा खरा दोष गंजलेल्या अर्थिंगचा आणि मधल्या मालकांच्या कारागिरीचा असतो. डॅशबोर्डखाली डोकावा. मूळ वायरिंगमध्ये रंगांची शिस्त दिसते. तिथे टेप गुंडाळलेल्या गाठी आणि भलत्याच रंगाच्या वायरी लोंबत असतील तर नव्या वायरिंगचा खर्च धरून चाला.

अर्धवट गाडी घ्यावी का?

नको. पहिली तरी नको. खोक्यांत भरलेले भाग आणि "थोडंच काम राहिलंय" असं सांगणारा मालक, यांपासून दूर राहा. तो जिथे थांबला तिथेच काम अवघड होतं, म्हणून तर तो थांबला. बॉडीचं पूर्ण काम करून घ्यायचा खर्च सामान्य मॉडेलच्या बाबतीत तयार गाडीच्या किमतीपुढे सहज जातो. दुसऱ्या कुणी तो खर्च करून ठेवलेली गाडी घ्या. मागच्या मालकाने इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा पाच गिअरचा बॉक्स बसवला असेल तर हरकत नाही, मूळ भाग मात्र मागून घ्या.

विमा ठरीव किमतीचा, म्हणजे गाडीचं मूल्य आधीच लिहून मान्य केलेला, मिळत असेल तर तोच काढा. नाहीतर अपघातानंतर तुमची गाडी जुनाट भंगाराच्या दराने मोजली जाते.

घरी आणल्यावर पहिला महिना

लांबच्या सफरीचा बेत आखू नका. आधी सगळी द्रवं बदला. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच घालतात, हे हँडबुक न वाचणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून हँडबुक आधी मिळवा. जुन्या रचनेच्या कॅम आणि टॅपेटला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं, आधुनिक गाड्यांसाठीचं पातळ ऑइल नको. ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे काढून टाका आणि इथेनॉल सोसणारे नवे घाला. जुनं रबर इथेनॉलने मऊ पडून झिरपतं आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. अग्निशामक नळकांडं हाताशी येईल असं बसवा. एमजीबी, स्पिटफायरसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीचं हेड उतरवायची वेळ आलीच तर व्हॉल्व्ह जिथे टेकतात तिथे कडक सीट बसवून घ्या, कारण या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर बेतलेल्या होत्या.

आणि रोज रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा, त्यावर पुढची बाजू कोणती ते पेनने लिहून. सकाळी डाग वाचायचे. मधोमध काळपट थेंब पडले तर इंजिन किंवा गिअरबॉक्स, जुन्या ब्रिटिश गाडीत त्यावर फार जीव जाळू नका. पुढे हिरवट किंवा निळसर आणि चिकट असेल तर कूलंट, होजची पकड आवळा. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या खाली फिकट, निसरडा डाग दिसला तर तो बहुधा ब्रेक किंवा क्लचच्या ऑइलचा, आणि त्या दिवशी किल्ली खिळ्यालाच राहू द्या.